लक्षद्वीप की अंदमान

हडपसर, पुणे
५ मे २०२५

चि. रुकसाना हिस अ. उ. आ. आणि दुआ.

तुझं लक्षद्वीपचं पत्र बारा दिवसांनी पोचलं. पांढरी वाळू, दारात माड, हिरवं पाणी! चौथीला बाई अशाच बेटाची कविता शिकवायच्या आणि मी बाकावर बसून पट्टीनं होडी वल्हवायचो. हवामान खात्यानं शहाबाजला पुढच्या दोन वर्षांसाठी लक्षद्वीप की अंदमान असं विचारलंय म्हणतेस. त्यात विचारायचं काय? अंदमानातला डोंगर आणि चिखल तर कात्रजलाही दिसतो. तिथंच राहा. जावई म्हणून शहाबाजलाही वेगळं पत्र टाकलंय. आपल्या घरात मोठे निर्णय फोनवर होत नाहीत, कागदावर होतात.

नातीच्या, अरिबाच्या शिंपल्यांची वाट पाहतोय. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुझे अब्बा, दादामियाँ


लक्षद्वीप
१८ मे २०२५

ती. अब्बांना रुकसानाचा सलाम, वि. वि.

तुमचं पत्र कसलं, कविताच पोचली. शहाबाजनं ती वाचली, सासऱ्यांनी लिहून दिलंय आता मी कोण बोलणार, असं म्हणाला आणि अर्जात लक्षद्वीप भरून मोकळा झाला. मला कुणी विचारलं नाही.

आता गद्य वाचा. इथली हवा अरिबाला एरवी मानवते, शेजारी जीव लावतात. पण विहिरीचं पाणी मचूळ, भाजी जहाजानं येते, आणि पावसाळ्यात जहाजाचा भरवसा नाही. बेटावर छोटा दवाखाना आहे. परवा अरिबाला दम्याचा झटका आला. सहा वर्षांची पोर, ओठ निळे पडले. या वेळी औषधानं भागलं. याहून मोठा आला तर हेलिकॉप्टर, आणि वादळात ते उडत नाही हे हवामानवाल्याच्या बायकोला कुणी सांगायला नको. डॉक्टरांना मल्याळममध्ये काय सांगू, हातवारेच करत होते.

पोर्ट ब्लेअरला शहाबाजचे सहकारी बद्रीनाथ आहेत. त्यांच्या पत्नी कल्याणीताई लिहितात, घरं ओलसर, भिंतींना बुरशी, पाणी रोज येत नाही. ती ओल अरिबाला वाईटच. पण मोठं रुग्णालय रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि हिंदी चालते.

अर्ज बदलायची मुदत पाच जूनपर्यंत. तुमच्या लेखी शब्दाशिवाय शहाबाज हलणार नाही. रागावले असले तरी तुमचीच,

रुकसाना


हडपसर, पुणे
२ जून २०२५

चि. रुकसाना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. टपालानं उत्तर वेळेत पोचणार नाही, म्हणून या कागदाचा फोटो फोनवर पाठवतोय. नियम माझाच, मीच मोडतोय.

तुझा थोरला भाऊ कामरान, तुझ्या जन्माआधी गेलेला. तो बैलगाडीत माझ्या मांडीवर कविता ऐकता ऐकता शांत झोपी गेला, असं मी तुला सांगत आलो. खरं ते नाही. आपण तेव्हा लोणी काळभोरला होतो. त्याला धाप लागली, एसटी आली नाही, भर दुपारी शेजारच्या दत्तोबाच्या बैलगाडीतून हडपसरच्या डॉक्टरांकडे निघालो. पोराची छाती भात्यासारखी चालत होती. मी कविता म्हणत होतो, कारण दुसरं काही हातात नव्हतं. तो झोपला नाही गं. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता.

शहाबाज, माझं आधीचं पत्र रद्द समज. रुकसाना म्हणेल ते भर, आजच.

दादामियाँ


लक्षद्वीप
५ जून २०२५

ती. अब्बांना सलाम.

काल अर्ज बदलला. महिनाअखेर अंदमानला जातोय. भिंतींची बुरशी मी रोज पुसेन.

इथल्या डॉक्टरांनी शेजाऱ्यांमार्फत आतापर्यंत तीनदा विचारलं होतं, घरात आधी कुणाला दमा होता का. तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. आज जाऊन अरिबाच्या कागदावर कामरानभाईचं नाव लिहून आले.

तुम्ही जेवत जा.

रुकसाना