जातानाचं ॲव्हरेज

गुरु., ४ डिसेंबर

"पोरीनं मागं बसावं. पुढं वारं लागतं."

आबांचं हे वाक्य. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. दीपक माझ्याहून लहान, तो पुढे टाकीवर बसायचा. त्याला वारं लागत नसावं. मी मागे, दुधाच्या दोन कॅनच्या मध्ये. आज दिवसभर हे वाक्य डोक्यात फिरतंय.

कारण गाडी. आबांनी रतीब बंद केला तेव्हापासून ती गोठ्यात पडून होती, कोंबड्या बसायच्या सीटवर. लग्न मोडून मी मळवलीला परत आले, टायगर पॉइंटच्या पुढच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा मीच ती बाहेर काढली. टाकी धुतली, केबली बदलल्या, किक मारून मारून पाय सुजवून घेतला. आता रोज तीच. एक सिलिंडर, संथ आवाज, आबा अंगणात खाकरतात तसा.

रविवारी दीपक "सर्व्हिसिंगला नेतो" म्हणून घेऊन गेला. आज आणून उभी केली. मी ओळखलीच नाही. सायलेन्सर आखूड नि जाड. एअर फिल्टरचा डबा गायब, त्या जागी उघडाबोडका जाळीचा शंकू. चेनचं पुढचं दातेरी चाक, स्प्रॉकेट, एका दाताने मोठं, "म्हणजे इंजिन कमी फिरतं". कार्बोरेटर कसून पेट्रोल कमी केलेलं. आणि पेट्रोलच्या नळीवर, म्हणे ॲव्हरेज वाढावं म्हणून, एक लोहचुंबक. होय, लोहचुंबक.

"ताई, सरप्राईज! आता बघ ॲव्हरेज."

"मला विचारलंस?"

"आबांना विचारलं. गाडी त्यांच्या नावावर आहे ना."

आबा बाजेवर. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या हातात लय पिती ती. माझ्या हातात नव्वद द्यायची."

त्यांनीच हो म्हटलं. फोनवर, मी शाळेत होते तेव्हा. मी भाकरी थापत होते ती करपली, तशीच वाढली दोघांना. दीपकने मुकाट खाल्ली.

शुक्र., ५ डिसेंबर

वळवणजवळ पोलिसाने अडवलं. "मॅडम, हा सायलेन्सर? तुमच्या वयाला शोभतो का?"

"भावाच्या वयाचा आहे," म्हटलं.

हसला, सोडलं. मला हसू आलं नाही.

लोणावळ्यापर्यंत ठीक. भुशीच्या पुढे चढ लागला आणि गाडी रडायला लागली. तिसऱ्यावर दम नाही, दुसऱ्यावर टाकावी तर आवाज नुसता, ओढ नाही. मोठं स्प्रॉकेट सपाटीला बरं. आम्ही काय सपाटीला राहतो? उतरताना थ्रॉटल सोडला की सायलेन्सरातून फटाके. शाळेतल्या शिपाईमावशी म्हणाल्या, "बाई, दिवाळी झाली की!"

रवि., ७ डिसेंबर

सकाळी प्लग काढून पाहिला. पांढरा. हे आबांनीच शिकवलेलं. अंगणात ते प्लग घासायचे, मी बॅटरी धरायचे. "विटकरी असला तर गाडी तृप्त. काळा असला तर खादाड. पांढरा असला तर उपाशी." मागे बसणाऱ्या पोरीला हे कशाला शिकवलं, देव जाणे. पण शिकवलं. दीपकला नाही शिकवलं, तो बॅटरी धरायला थांबायचाच नाही.

दुपारी दीपक तळेगावहून आला. त्याला म्हटलं, "गाडी उपाशी चाललीय. हवा वाढवलीस, पेट्रोल कमी केलंस. तापेल आणि एक दिवस जाम होईल."

"ताई, आंबीला आमच्या कंपनीतल्या निम्म्या पोरांनी केलंय हे. मी स्वतः ॲव्हरेज काढलं बुधवारी. पंच्याऐंशी!"

"मला पन्नास मिळतंय."

"मग हात बघ की तुझा."

आबा हसले. मग म्हणाले, आणि इतक्या सहज म्हणाले की जणू मीठ दे म्हणतायत: "कागद करून टाकू दीपकच्या नावावर. नव्या वर्षात. तुला स्कूटर घिऊ. बाईमाणसाला बरी पडती."

मी उठले. मोरीत जाऊन सगळी पातेली घासली, घासलेलीसुद्धा.  ती गाडी मी गोठ्यातून काढली. ती माझी आहे असं मी कुणाला कधी म्हटलं नाही, म्हणायची गरज आहे असं वाटलंच नाही.

मंगळ., ९ डिसेंबर

संध्याकाळी आबांच्या पायांना तेल लावताना विचारलं, "आबा, तुम्ही नव्वद कसं काढायचा?"

खूश झाले. हे त्यांना कुणी तरी विचारावं असं बहुधा फार दिवस वाटत होतं. "सलाईनची बाटली लावायचो. मोजून पेट्रोल घालायचं, नळी थेट कार्बोरेटरला. वरचे बंगले झाले, कॅन रिकामे झाले, की बाटली लावायची आन् निघायचं. भुशीपतुर गाडी बंद. न्यूट्रल. उताराला पेट्रोल जाळायचं म्हंजी दूध सांडायचं. घरी आलो की बाटलीत बघायचं किती उरलंय."

"आणि जाताना?"

"जाताना काय?"

"चढताना. भरलेले कॅन घेऊन. ते कधी मोजलं?"

माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडी आहे. "त्याचं काय ॲव्हरेज काढायचं? ते दुधाच्या खात्यात. मागं दूध बसलंय, गाडीचा काय दोष?"

मी तेलाची वाटी खाली ठेवली. नव्वद. लहानपणापासून ऐकलेलं नव्वद. पाहुण्यांना सांगितलेलं, दीपकने मित्रांना सांगितलेलं, मला टोमण्यात ऐकवलेलं. फक्त उताराचं. रिकाम्या गाडीचं, बंद इंजिनाचं. आणि त्याच्यासमोर माझं चढासकटचं पन्नास ठेवलं, आणि माझ्या हातात गाडी पिते असं ठरवलं.

लगेच दीपकला फोन. "पंच्याऐंशी कसं काढलंस?"

"आबांच्या पद्धतीनं. वरून घरापर्यंत, बाटली लावून."

"आणि चढ?"

"चढ कोण मोजतं, ताई?"

फोन ठेवला. खरंतर आपटला.

बुध., १० डिसेंबर

आबांना सांगितलं, तुमचं नव्वद उताराचं आहे. म्हणाले, "असंल." पेपर उलटला. एवढंच. असंल.

राग आला की माझे डोळे भरतात, लोकांना वाटतं रडतेय. मी रडत नव्हते. शाळेत फळ्यावर खडू मोडला.

रवि., १४ डिसेंबर

दीपकचा ग्रुप आज टायगर पॉइंटला जाणार होता. सगळ्यांची आपापली सजवलेली धुडं. त्याला आबांची गाडी हवी होती, "जुनी क्लासिक". मी किल्ली लपवली नाही. आबांनी दिली. मी दारात उभी राहून म्हटलं, "चढाला जाम होईल." म्हणाला, "ताई, शुभ बोल की."

दुपारी टेम्पोतून आली. गाडी आडवी, सुतळीने बांधलेली. पिस्टन चिकटला. त्याच चढाला.

दीपक टेम्पोतून उतरल्या उतरल्या: "ताईनं आधीच ओढून खराब केली असणार. माझ्याकडं काय, एक तास होती."

मी बोलणार होते. ओरडणारच होते. तेवढ्यात आबा बाजेवरून उठले. काठी न घेता टेम्पोपर्यंत गेले. पाइपच्या वळणावरून बोट फिरवलं. तिथे तो तापून निळा झालेला. मग मला म्हणाले, "प्लग काढ गं." काढला. हातावर घेतला, उन्हात धरला. चुन्यासारखा.

"उपाशी मारली," म्हणाले.

कुणाला म्हणाले? दीपककडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. आणि मग दीपकला: "च्या घेशील का? दमला असशील."

च्या मीच केला. साखर घातली नाही. तोही प्यायला.

शनि., २० डिसेंबर

लोणावळ्याच्या मेकॅनिक यासीनभाईंकडे गाडी उघडून पडलीय. आमच्या गाड्या पहिल्यापासून त्यांच्याकडे. सिलिंडर घासून बोअर करावा लागेल, पिस्टन नवीन. चुंबक पाहून त्यांनी कपाळावर हात मारला, मग कबूल केलं की दोन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाईकाला त्यांनीही तसला चुंबक विकलाय. "काय करू बाई, लोक मागतात. फायदा नाही, तोटापण नाही. मनाला बरं वाटतं."

जुना सायलेन्सर आणि डबा आणा म्हणाले, नाहीतर पुन्हा तेच. दीपकला विचारलं. "भंगारात गेलं असेल."

मी तळेगावला गेले, ज्या दुकानात त्याने हे सगळं बसवलं तिथे. गाडीविना, बसने. दुकानातला मुलगा फोनमध्ये. समोर शटर निम्मं वर, आणि त्याला टेकू काय लावलाय? आमचा सायलेन्सर. डाव्या बाजूला कॅन घासून घासून पडलेला पोचा, तो मी अंधारातही हाताने ओळखेन. लहानपणी पाय तिथेच टेकायचा. भाजायचा.

"हा माझा आहे."

"मॅडम, भंगार आहे ते."

"असू दे. दुसरा टेकू बघा."

एअर फिल्टरचा डबा नाही मिळाला. यासीनभाईंनी दुसऱ्या एका मेलेल्या गाडीचा काढून दिला. बसमध्ये सायलेन्सर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "ताई, त्याचं पण तिकीट काढू का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मग परत राग आला, की हे मला का आणावं लागतंय.

सोम., २९ डिसेंबर

गाडी सुरू. जुना सायलेन्सर, जुनं स्प्रॉकेट, कार्बोरेटरचं जेट जागेवर. आज हळू चालवली, यासीनभाईंनी बजावलंय, नवा पिस्टन आहे, रमतगमत न्या. अंगणात आले तर आबा बाजेवर उठून बसलेले. आवाज ऐकून.  मी स्टँडवर लावेपर्यंत बघत होते.

वाटलं, आता तरी म्हणतील, गाडी तूच ठेव. ते परत आडवे झाले.

दीपकचा फोन: रविवारी कागद घेऊन येतोय, आबांची सही हवी. "झाली ना गाडी नीट? मग झालं तर."

मग झालं तर!

शनि., ३ जानेवारी

उद्या दीपक येणार. जेवायला, आणि सहीला.

आबांना सांगू शकते, सही करू नका. सांगून पाहिलं परवा. "त्याचा मुलगा चालवंल पुढं," म्हणाले. मला मूलबाळ नाही, हे खरंच आहे. ते त्यांनी म्हटलं नाही, पण बाजेवरून कूस बदलली.

मग ते सोडून दिलं. नाव कुणाचंही लागू दे असं म्हणत नाही मी. म्हणवत नाही. अजून छातीत जळतंय. पण मला सहीपेक्षा दुसरंच काही तरी हवंय, आणि ते आज गाडी पुसताना कळलं.

सलाईनची बाटली मेडिकलवाल्याकडून आणलीय. गाडीला लावून ठेवली. उद्या सकाळी, दीपक यायच्या आत, घरून वरपर्यंत मोजायचं. चढ मोजायचा. पण रिकाम्या गाडीचा चढ म्हणजे पुन्हा लबाडीच. दूध तर नाही आता. कॅनमध्ये धने ठेवलेत. मागे वजन हवं, भरलेल्या कॅनांइतकं.

आबा आता तेवढेच उरलेत.

ते कधी कुणाच्या मागे बसलेले नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दीपक गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात उभा होता, तर यांनी डोळ्याला पट्टी बांधून रिक्षा केली. मुलाच्या मागे नाही बसले. मुलीच्या बसतील? गावातून? सगळे आपापल्या दारात चहा पीत असताना? "नगं," म्हणतील. नाहीतर काहीच म्हणणार नाहीत, पेपर उलटतील.

तरी विचारणार आहे. स्वेटर काढून ठेवलाय त्यांचा, कानटोपी पण. गाडी दारात लावून, किक मारून, इंजिन चालू ठेवूनच विचारणार, म्हणजे आवाज त्यांच्या कानावर असेल.

आबा, वरपर्यंत येता का? मागं बसा. पुढं वारं लागतं.