दह्याच्या मडक्याचं गाणं

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सर्वात आधी टपकले शेजारचे नत्थुजी — स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन! म्हणे, "मागच्या वेळी भुईवर बसलो, गुडघे गेले." मंग सारी गल्ली. आमच्या आचलचा सिनेमा आज इंटरनेटवर लागला न! माझी नात, अकोल्याले शिकते. चौदा मिनिटांचा सिनेमा, आमच्या वलगावच्या पोरी भुलाबाई मांडून गाणे म्हणतात, त्याचा. माझ्या लेकानं, गोपालनं टीव्हीवर लावून देल्ला. शेवटी पोरी माझंच गाणं म्हणतात —

नणंद माझी लाडाची, दह्याले गेली,
मांजरीसंगं बोलत बसली, मडकं विसरून आली!

माझंच म्हणजे, मी रचलेलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, नणंदेवर. मनकर्णाबाई तवा बारा वर्सांच्या. खरंच मडकं विसरल्या होत्या! पण गाणं माझं, हे कोणाले सांगतलं नाही आजवर. पोरींनी गाणं उचललं, पार परतवाड्यापर्यंत गेलं. मंग कोणीतरी दुसरं कडवं जोडलं, माझ्यावर —

नवी सून गुणाची, पोळ्याले बसली,
पहिलीच पोळी पाहून, गोठ्यात म्हैस हसली!

कोण्या मेलीनं जोडलं, अजून पत्ता नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सिनेमा गायब! कोण्या गाण्याच्या कंपनीनं म्हटलं, हे गाणं आमचं. त्यायच्या गायिकेनं मागच्या वर्षी म्हटलं म्हणे. आचलनं जिथं सिनेमा ठेवला होता त्यायनं पोरीले विचारलंबी नाही, काढूनच टाकला. सात दिवसांत सिद्ध करा, नाहीतर खातं बंद. पोरीचं दोन वर्सांचं काम!

१६ सप्टेंबर

आचल घरी आली. चार चिठ्ठ्या पाठवल्या तिनं. चारी वेळा तेच उत्तर, काना-मात्रा बदल नाही. मी म्हटलं, "त्या माणसाले एकदा जेवाले बोलाव." तर म्हणते, "आजी, तिथं माणूस नाही, मशीन आहे." नत्थुजी म्हणे, "हापिसात जाऊन बसू न, खुर्ची माझी!" हापिसाचा पत्ताच नाही कुठं.

पाचवी चिठ्ठी पाठवली, तर मशीन म्हणते, गाणं रचणाऱ्याचं नाव द्या, सही द्या, अन् गाणं रचलं तवापासून ऐकणारा एक साक्षीदार. आचल रडून राहिली — "असं गाणं कोणी रचलं, कोणाले माहीत रायते?" मी उठून भांडे घासाले बसली.

१८ सप्टेंबर

सांगून टाकलं! आचल उडालीच. कागद लिहिला — "हे गाणं मी रचलं." तिसरी शिकली मी, अक्षर कोंबडीच्या पायावाणी, पण सही झोकात केली.

मंग म्हणते, "साक्षीदार मनकर्णाआजी!" व माय! ती बाई बावन्न वर्सं म्हणून राहिली, "रचणारी सापडू दे, झिंज्या उपटतो तिच्या." लग्नमांडवातबी तिले ‘मांजरीची मावशी’ म्हणून चिडवत होते न!

आचलनं फोन लावलाच.

२० सप्टेंबर, शनिवार

मनकर्णाबाई परतवाड्याहून पहिल्या गाडीनं हजर. मी वेणी घट्ट बांधून बसली. बाईनं कागद वाचला. चहा पेल्या. मंग — "पेन दे वं आचल." माझ्याकडं पाठ करून बसल्या अन् लिहीतच राहिल्या. एका सहीले एवढा वेळ? आचल पाहून खुदूखुदू हसून राहिली. मले दाखवलं नाही, फोटो काढून लगेच पाठवून देल्ला. जाताना बाई म्हणाल्या, "वयनी, पोळ्या आता बऱ्या करतं तू." बस, इतकंच!

२४ सप्टेंबर, बुधवार

सिनेमा परत लागला!! नत्थुजी खुर्चीसकट. शेवटी नावं आली, आचलनं मोठ्यानं वाचली. गीत, पहिलं कडवं — अन् माझं नाव. दुसरं कडवं — मनकर्णाबाई!

फोन केला. तर म्हणतात, "मांजर अन् मी, पाहणारी तू एकटीच होती. पहिल्या दिवशीच समजलं मले. तू कबूल कधी होतं, तेच पाहत होतो." पोट दुखेपर्यंत हसलो दोघी.

सोमवारी सहा तारखेले, कोजागिरीले येतो म्हणाल्या. तिसरं कडवं नत्थुजीवर करू.