कोरं बोट

रविवार, संध्याकाळ

सकाळपासून ते बोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

तीन रविवार मी चर्चच्या दारात टेबल टाकून लोकांचे मतदार यादीचे फॉर्म भरून घेतले. फादर दर प्रवचनात बजावायचे, "मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. पण घरी बसलात, तर मग देवापुढे गटारांच्या तक्रारी आणू नका." सगळ्यांत जोरात मान मी हलवायचे. आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर ओळखपत्र काढायला पर्स उघडली, तर माझाच फॉर्म आत! सानपाडा सोडून कोपरखैरण्यात आले, त्या नव्या पत्त्याचा. म्हणजे इथल्या यादीत नाव नाही, मत राहिलंच. मूर्ख कुठली!

आज मिस्सेत एकमेकांना शांती द्यायला सगळ्यांनी हात जोडले, तर जिकडेतिकडे शाईची बोटं. शेजारच्या फिलोमावशींनी माझे हात न्याहाळले. "तुझी शाई लगेच गेली गं?"

"भांडी घासून," मी म्हटलं. खोटं, तेही वेदीसमोर!

प्रसादाच्या रांगेत हात ओढणीत लपवले आणि प्रसाद हातावर न घेता कित्येक वर्षांनी जिभेवर घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात प्रसादाचं पात्र धरलेल्या फादरांच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. बोट कोरं. एकदम कोरं! आपल्याकडे बदलून येऊन वर्ष झालं, नाव अजून जुन्या गावी असणार. त्यांनी माझी ओढणी बघितली, मी त्यांचं बोट.

"ख्रिस्ताचं शरीर," ते घाईत म्हणाले.

"आमेन," मी त्याहून घाईत.

बाहेर पडताना त्यांनी हळूच थांबवलं. "पुढच्या रविवारी टेबल लाव. लोक यायच्या आधी." मग आणखी हळू, "दोनच फॉर्म आण."