अण्णांच्या खुर्चीला गिऱ्हाईक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? (भाऊजींना विचारलं की ते स्वतःच्या कंबरेबद्दलच सांगत बसतात, म्हणून थेट तुलाच विचारतो.) आम्ही इकडे ठीक.

महिनाअखेरीस सलूनचा गाळा मालकाला परत द्यायचाय, हे तुला ठाऊकच आहे. बाकी सामान गेलं, राहिली अण्णांची खुर्ची. आधी अण्णांनी आणि मग मी तिच्यावर लोकांची डोकी हलकी केली, आणि आता भंगारवाला तिला किलोवर मागतो. घरी न्यावी तर तुझी भावजय म्हणाली, ती उंबरठ्याच्या आत आली तर मी बाहेर जाईन. म्हणून खुर्ची इंटरनेटवरच्या लिलावाला लावली.

पहिल्या खेपेला माझं शहाणपण नडलं. गिऱ्हाईक येण्याआधी खुर्चीवर धुतलेली चादर हवी, ही अण्णांची शिस्त हाडीमाशी खिळलेली. मी खुर्ची पुसली, वरपासून खालपर्यंत पांढरी चादर घातली आणि फोटो काढला. मथळा दिला, 'जुनी खुर्ची'. आठवडाभरात बोली एकही नाही, प्रश्न मात्र दोन आले. एकाने विचारलं, चादरीखाली नक्की कोण आहे. दुसऱ्याने मागच्या आरशाची किंमत विचारली. (आरशात बनियनमधला मी दिसत होतो. माझी किंमत कोणी विचारली नाही.)

दुसऱ्या खेपेला चादर काढली, पण सुरुवातीची किंमत अशी ठेवली, जणू खुर्चीबरोबर अण्णाही मिळणार आहेत. वर्णनात गुणच गुण गायले, फाटकी गादी आणि घसरणारी पाठ यांबद्दल अळीमिळी गुपचिळी. त्यात लिलाव संपला बुधवारी भर दुपारी, लोक कामात असताना. पुन्हा भोपळा.

मग विक्रेत्यांसाठीच्या सूचना चष्मा लावून वाचल्या. ताई, आपण सलूनमध्ये करायचो तेच लिहिलंय गं. उजेडात काम करा, काय आहे ते आधी नीट दाखवा, विचारलं की लगेच बोला. मी खिडकीशी सकाळच्या उन्हात दहा फोटो काढले, त्यात गादीची चीरही जवळून घेतली. मथळ्यात 'सलूनची लोखंडी खुर्ची, उंची कमीजास्त होणारी' असं सविस्तर लिहिलं. रुंदी, वजन, उचलायला चार माणसं लागतील, तेही सांगितलं. किंमत अगदी खालून सुरू केली आणि शेवट ठेवला येत्या रविवारी संध्याकाळी, लोक घरी असतात तेव्हा. दोष लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. अण्णांच्या हाताने झिजलेली मूठ मला कधी दोष वाटलीच नव्हती.

आणि बोली सुरू झाली. दोघेजण इरेला पेटलेत. एकाने चढवली की तासाभरात दुसरा चढवतो. मी आता या विषयातला तज्ज्ञ मानला जातो. शेजारचा शिंपी जुनं मशीन विकायला माझा सल्ला घेऊन गेला, चहाही त्यानेच पाजला. तुझ्याकडे काही जुनं पडून असेल तर कळव. (भाऊजी सोडून.)

तुझा,
धाकटा

ता. क. त्या दोघांपैकी एकाने काल विचारलं, लहान मुलांना बसवायला आडवी टाकायची, खालून हिरवी रंगवलेली फळीही सोबत मिळेल का. ताई, फळीचा फोटो नाही की उल्लेख नाही. ती खालून हिरवी कोणी केली आणि त्यापायी मार कोणी खाल्ला, हे आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत आहे? तुझा जिना केवढा, खुर्ची केवढी. रुंदी लिहिली होती ना मी?

आणखी एक ता. क. दुसरा कोण, ते आज सकाळी कळलं. ओट्यावर तुझ्या भावजयीचा फोन वाजला, तिचे हात पिठात होते, म्हणून मी पाहिला. 'तुमच्यापेक्षा मोठी बोली आली आहे.' मी फोन पालथा ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते. पाहतो तर खिडकीजवळचं कपाट तिने कधीच सरकवून ठेवलंय. तेव्हा हात जोडून एवढंच मागतो, तू आता बोली लावू नकोस. तिला जिंकू दे, आणि मला काही कळलं नाही, असंच तिला वाटू दे. खुर्ची घरी आली की तू ये. पहिली तूच बस.