आईचं नाक

अंबाजोगाई,
६ मे २०१३

चि. बंकटास,

तुझ्या दादाचा आशीर्वाद. तू फोन उचलत न्हाईस म्हणून लिहितोय. सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून, तिचा पंप अन् रेशन दुकान हाती आल्यापासून भावाचा नंबर बी तुला विरोधी पार्टीचा वाटायला लागला काय? गावात टँकर आठ दिसाआड येतोय, बोअर कवाच आटलं. आई बरी हाय म्हणायचं.

आबांची सत्त्याऐंशी सालची यामाहा महिनाभर छळत होती. आबा गेल्यापासून त्या गाडीला मी कुण्या मिस्तरीचा हात लागू दिला न्हाई, हे तुला ठाऊक हाय. पण चढ आला की इंजिन टकटक वाजायचं अन् धूर तर लई. कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. प्लग बदलला. पॉइंट घासून टायमिंग लावलं. कशाचं काय! आबांचं इंजिन आपल्याच हातानं बिघडलं, ह्या विचारानं अन्न गोड लागंना.

शेवटी टाकीतलं सगळं काचेच्या बाटलीत काढलं अन् उन्हात धरलं. रंग निळसर. आई ओट्यावर बसलेली. वास घेऊन म्हणली, "धर्मा, हे तर रॉकेल हाय की रे!"

मी खेकसलो, "बंकटच्या पंपाचं पेट्रोल हाय ते. नाक गेलंय तुझं!"

रेशनचं रॉकेल निळं असतंय, हे शेंबडं पोर बी सांगंल. पण मी पडलो तुझा भाऊ. पेट्रोलच म्हणत बसलो, अन् कार्बोरेटरचा जेट आणायला केजला गेलतो.

स्टो भडकल्याचं तुझ्या कानावर आलंच असंल. कसा भडकला ते ऐक. तुझ्या रेशन दुकानात "आलं न्हाई, आलं न्हाई" ऐकून तीन महिने चुलीच्या धुरात डोळे फोडून घेतलेल्या बाईनं ती बाटली स्टोत ओतली. मला चहा करायला. रॉकेल होतंच, पण पेट्रोलात कालवलेलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, हनुवटी बी. तवापासून इथं अंबाजोगाईच्या दवाखान्यात हाय. जिवावरचं हातावर निभावलं. वर 'बरी हाय' लिहिलं ते एवढंच.

बाटलीत उरलेल्याचे दोन थेंब तुझ्या प्रचाराच्या पत्रकावर टाकले. पेट्रोल उडून गेलं. तेलकट डाग ऱ्हायला, नेमका तुझ्या हसऱ्या तोंडावर. ते पत्रक सोबत घातलंय, वास घे. आईच्या स्टोतलं चोरून आबांच्या टाकीत ओतलंस बे! थू तुझ्या चेअरमनकीवर.

अन् ती? नर्सबाईला, भेटायला येणाऱ्या समद्यांना सांगती, "चूक माझीच. धर्मा पेट्रोल म्हणत होता, माझंच नाक म्हातारं झालं." मी खरं सांगाय गेलो तर मलाच गप बसवती. "माझ्या बंकटच्या पंपावर असलं व्हायचं न्हाई," म्हणती. तिचा इश्वास तुझ्यावर हाय, ह्याचीच लई किळस येती.

अजून का म्हणून आला न्हाईस? ये. सफरचंदं आणू नको, फोटोवाला आणू नको. तिच्या खाटेपाशी उभा ऱ्हा अन् आपल्या तोंडानं सांग, आई, तुझं नाक चुकलं न्हाई.

तवर मला दादा म्हणू नको.

धर्मराज