किनारीने बांधलेला ब्रेक

बमरोली, सुरत
दि. ५ जानेवारी २०२५

चि. सौ. मंगलास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तिकडचं तू सविस्तर लिही, कारण किसनरावांना फोनवर विचारलं की ‘ठीक’ म्हणतात आणि पुढे फक्त खोकतात. हल्ली पत्र कोण लिहितं असं तू हिणवशील. लिहितो बाई आम्ही. फोनवर तू ओरडतेस, कागदावर ओरडता येत नाही.

विशेष म्हणजे तुझा भाऊ आता लाकूडतोड्या झाला आहे. कामरेजच्या प्लॉटवर आमच्या चेतनचं आणि सूनबाई धनश्रीचं घर बांधायचं ठरलं. तिथली नीलगिरी आड येते आणि शेजारच्या छगनभाईंच्या म्हशींच्या शेडकडे झुकते. छगनभाई रोज म्हणतात, काका, पाडी नाखो, म्हणजे पाडून टाका. माणसं लावायचा विचार होता, पण हायवेवरच्या दुकानात एक जुनं चेनसॉ मशीन दिसलं आणि मन हरखलं. दोरी ओढली की असं गरजतं! चौथीत गुरुजी आपल्याकडून वीररसाची कविता म्हणून घ्यायचे आणि बाकं थरथरायची, त्याचीच आठवण आली.

मशीनमध्ये एक खोड होती. पुढच्या दांडीला मनगट लागलं, जरा हिसका बसला, की साखळी थांबायची. दुकानदार म्हणाला, तो ब्रेक आहे. मी तीस वर्षं लूमखात्यात मास्तर होतो, मला ब्रेक शिकवतो! एक तार तुटली की लूम बंद पडायचा, कारागिराचं मीटर बुडायचं, मग आम्ही काय करायचो? किनारीची पट्टी घ्यायची नि थांबवणारा खटका आवळून बांधायचा. तेच केलं. धनश्रीच्या साडीची लाल किनार, दोन वेढे, एक गाठ. आता मशीन मुकाट चालतं.

संक्रांत झाली की मुहूर्त. तोडण्याआधी झाडापुढे उभं राहून चार ओळी म्हणणार आहे. पहिली सुचली आहे: ‘उंच उभा तू, वाऱ्यासंगे बोलत होता कोणाशी?’ दुसरी लूमच्या तालात बसते, झाडाच्या नाही.

ताजा पोंक, इकडचा ज्वारीचा हुरडा, पाठवला असता, पण पोस्टात त्याची रया जाते. किसनरावांस नमस्कार, गजेंद्रास आशीर्वाद. या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
पांडुरंग अण्णा

❖

ता. पारोळा
दि. ११ जानेवारी २०२५

ती. अण्णास सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं. संपायच्या आत मी धनश्रीला फोन केला. त्यामुळे तुझ्या मशीनची साखळी तुला सापडत नसेल. शोधू नकोस. गजेंद्रने व्हिडिओवर दाखवलं तशी तिने ती काढून घेतली. कुठे ठेवली ते मलाही सांगायला नको म्हटलं, कारण तू लाडीगोडी लावलीस की माझ्याही तोंडून निघेल.

तुला तोडायचंच होतं तर मला विचारायचं होतंस. या घरात दोन मशीनं आहेत आणि त्यांची देखभाल मी करते. तुझ्या पत्रात वीररस आहे, पण डोक्यावर काय घालणार, डोळ्यांवर काय, पायांवर काय, याचा पत्ता नाही. बहुधा टोपी आणि धोतर. साखळीला धार कानशीने लावतात, माहीत आहे? बोथट साखळी कापत नाही, माणसाला दाबायला लावते, आणि दाबणारा माणूस तोल गमावतो. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. मशीन हातात लटकवून दोरी ओढायची नाही. मशीन जमिनीवर, मूठ पायाखाली, ब्रेक लावलेला. साखळी ज्यावर फिरते त्या पात्याचं टोक कशालाही टेकू द्यायचं नाही. झाड कुठे पडेल हे झाडाला विचारायच्या आधी आपण कुठे पळणार ते ठरवायचं. आणि चार ओळी म्हणायच्याच असतील तर मशीन बंद करून म्हण, म्हणजे निदान झाडाला तरी ऐकू येतील.

व्हिडिओत ती लाल किनार पाहून गजेंद्र हसला. मामांचं डोकं पाहा म्हणाला. मी हसले नाही.

अण्णा, ही पट्टी मी दुसऱ्यांदा पाहिली. अकरा वर्षांपूर्वी आखाजीच्या सणाला तू मला माहेरी न्यायला आलास. मी पिशवी भरत होते आणि तू अंगणात बसून यांचं मशीन ‘दुरुस्त’ करत होतास. तेही सारखं थांबतं म्हणून. पिवळी किनार होती, माझ्याच लुगड्याची. मास्तरांनी केलंय म्हणजे बरोबरच, असं हे म्हणाले. मी तुझ्याबरोबर सुरतेला आले आणि पाचव्या दिवशी फोन आला.

आम्ही तुम्हा सगळ्यांना सांगितलं की पाय घसरून हे कुऱ्हाडीवर पडले. कुऱ्हाड घरातच होती, भिंतीला टेकलेली. बाभळीच्या आत लपलेल्या फांदीला पात्याचं टोक लागलं, मशीन उसळून खांद्यावर आलं. ब्रेक लागायला हवा होता. तो बांधलेला होता. पट्टी मी माझ्या हाताने कापून चुलीत टाकली. यांचा डावा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. शर्टाचं वरचं बटण मी लावते. मला गप्प बसायची शपथ यांनी घातली. एका चिंधीसाठी तुझं माहेर तुटायला नको म्हणाले.

तू भेटायला आलास आणि कुऱ्हाडीवर तीन कडवी करून आणलीस. तिला वैरीण म्हटलं होतंस. यांनी पडल्या पडल्या ऐकली, वा म्हणाले. मी स्वयंपाकघरात उभी होते.

शपथ आज मोडली. साखळी मिळणार नाही.

कळावे. लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
मंगला

❖

बमरोली
दि. १८ जानेवारी

चि. मंगलास आशीर्वाद.

पट्टी कापली. दुकानदाराकडे जाऊन तो ब्रेक कसा चालतो ते विचारलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मीही पहिल्यापासून ऐकलं.

तीन दिवस तुला लिहायला बसतो आहे. लिहितो ते गोड होतं, म्हणून फाडतो.

एकच विचारतो. गजेंद्रला माहीत आहे का? नसेल तर तू सांगू नकोस, किसनरावांनीही नको. मी सांगतो. त्याला इकडे झाड पाडायला पाठव. किसनरावही बरोबर आले तर बरं. त्याने यायचं नाही म्हटलं तर तसं कळव.

अण्णा

❖

बमरोली
दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. मंगलास अनेक आशीर्वाद. वि. वि. नीलगिरी पडली. छगनभाईंच्या म्हशी सुखरूप आहेत आणि दूध कमी देत नाहीत, हे त्यांनी आवर्जून कळवायला सांगितलं आहे.

गजेंद्र आणि किसनराव एक तारखेला, शनिवारी आले. रविवारी सकाळी कामरेजला गेलो. गजेंद्र ओंडक्यावर बसून बरोबर आणलेल्या मशीनच्या साखळीला कानस मारत होता. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं. तुझ्या वडिलांचा हात कुऱ्हाडीने नाही, माझ्यामुळे गेला म्हटलं. मध्येच किसनराव बोलले, की पट्टी काढता आली असती, पण मशीन थांबत नाही याचा त्यांनाच आनंद होता. मी त्यांना गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला कविता म्हणण्याशिवाय दुसऱ्या कारणासाठी गप्प केलं असेन.

साखळीचे उरलेले दात गजेंद्रने कानसले, प्रत्येकाला मोजून तेवढेच हात. मग हेल्मेट चढवलं, जाळी खाली घेतली, पायांवर ती जाड पॅन्ट. आधी म्हशी बाहेर काढल्या. शेंड्याला दोर बांधून ट्रॅक्टरने शेडच्या उलट दिशेला ताणून धरला. बुंध्याभोवतीचं गवत काढलं, मागे पळायला तिरप्या दोन वाटा मोकळ्या केल्या. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच घेतली.

मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलला. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर एक दगड होता, तिथे जाऊन उभं राहा म्हणाला. माझं काम असं की मशीन चालू असताना त्याच्याजवळ कोणाला येऊ द्यायचं नाही. मला म्हणाला, मामा, तुम्हालाही नाही.

मी गेलो. कविता पाठ होती, पूर्णही झाली होती, पण ओठांवर आली नाही. त्याने मागून काप घेतला, दोन बोटं लाकूड मध्ये सोडलं, पाचर ठोकली. झाड सावकाश, सांगितलेल्या जागी गेलं. तो मागे सरला, मशीन बंद केलं, ब्रेक पुढे ढकलला. वडिलांकडे गेला, पाणी प्यायला. छगनभाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळे ओंडक्याभोवती जमले, धनश्रीने चहा ओतला.

मी दगडापाशीच होतो. त्याने हाक मारल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं होतं.

हाक त्याने मारली. पण वेळ घेतला गं, पुष्कळ वेळ घेतला.

किसनरावांस साष्टांग नमस्कार. माझ्यावरचा लोभ किती ठेवायचा ते आता तुम्ही तिघांनी बसून ठरवा.

तुझा,
अण्णा