दोन जिल्ह्यांतली देवणी

मुंबई

बाबा, जयभीम.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होतंय. डोक्याचं तेवढं विचारू नका.

फ्रान्सच्या शाळेत पोरांना इंग्रजी बोलायला शिकवायची नोकरी मिळाली, पण व्हिसा अडकलाय. फ्रेंच वकिलातीच्या खिडकीवरचा बाबू म्हणतो, "जन्मदाखल्यावर देवणी, जिल्हा उस्मानाबाद. पासपोर्टवर देवणी, जिल्हा लातूर. बाई, तुम्ही नक्की जन्मलात कुठं?" म्हटलं, "साहेब, गाव जागेवरच हाय. उस्मानाबादातनं फुटून लातूर जिल्हा नवा झालाय." तर म्हणतो, "दोन्ही देवण्या एकच आहेत, असं तहसीलदाराकडून लिहून आणा." फ्रान्सच्या पोरांना माझं इंग्रजी कळंल हो, या मराठी माणसाला मराठी कळंना!

तुम्ही उद्याच उदगीरला तहसीलीत जा. साहेब न्हाईत म्हणाले तर तिथंच बसून राहा, तुम्हाला जमतं ते.

टँकर येतो का? आईला घागरी उचलू देऊ नका, तिची कंबर आधीच धरलीय.

जिल्हा झाला तेव्हा, आता पाणी येईल म्हणून तुम्ही गावभर साखर वाटली होती. पाणी काही आलं न्हाई. निदान हा कागद तरी येऊ द्या.

तुमची, दोन जिल्ह्यांत जन्मलेली,
पंचशीला